फडकं कोरडं

मालिनीवहिनींचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी म्हणतं, "बाई जरा तापटच." ऐकलं की माझं डोकं फिरतं. तापट मी आहे. वहिनी नव्हत्या. थर्मामीटरजवळ तोंड नेताना जी बाई श्वास रोखून धरायची, आपल्या उच्छ्वासानं पारा चढेल म्हणून, ती तापट? त्या जन्मात एकदाच चारचौघांत खरं बोलल्या, तेही आवाज न चढवता. ज्यांना ते झोंबलं त्यांनी त्यांना हे नाव ठेवलं. मी त्या खोलीत होते. सभेचं प्रोसिडिंग मी लिहीत होते. म्हणून काय झालं ते मीच सांगणार, आणि गोड करून सांगणार नाही.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशी सालातली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, मांडवीला राहणारी, आंबा बागायतदारांच्या एका संघात कारकून म्हणून नुकती चिकटलेली. त्या वर्षी संघानं एक नवं काम हाती घेतलं होतं. मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडते ती हवा दमट झाली की. तेव्हा दमटपणा रोज मोजायचा, आणि धोका दिसला की गावोगावच्या बागायतदारांना गंधकाचा फवारा मारायला पोस्टकार्डानं कळवायचं. त्यासाठी पुण्याहून एक साहेब आले आणि हातखंब्याच्या अलीकडे, भाऊंच्या बागेत, चार पायांवरची पांढरी लाकडी पेटी उभी करून गेले.

भाऊ म्हणजे गोपाळकृष्ण. दीडशे कलमांचे धनी, संघाच्या कमिटीतले वजनदार गृहस्थ. मालिनीवहिनी या त्यांच्या धाकट्या भावाची, भास्करची बायको. भास्कर मुंबईला नोकरीला, चौघांत मिळून एका खोलीत राहायचा, त्यामुळे वहिनी इथेच थोरल्या दिरांच्या घरी. माहेर त्यांचं दापोलीजवळच्या मुरुडचं. कॉलेजात सायन्सचं पहिलं वर्ष झालं आणि लग्न लागलं, तिथे शिक्षण संपलं. पेटी बसवून झाल्यावर साहेबांनी विचारलं, रोज आकडे कोण वाचणार? भाऊ म्हणाले, आमचा गडी आहे केरू. केरूला अक्षरओळख नव्हती. तेव्हा दाराआडून वहिनी म्हणाल्या, "मी वाचीन." भाऊंना ते रुचलं नाही, पण साहेबांसमोर नाही म्हणवेना. अशा रीतीनं संघाच्या दप्तरात निरीक्षक म्हणून मालिनीवहिनींचं नाव लागलं.

पेटीत दोन थर्मामीटर शेजारीशेजारी टांगलेले. एक उघडं, त्याला आम्ही सुकं म्हणायचो. दुसऱ्याच्या फुगीर टोकाला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि त्या फडक्याची वात खाली दौतीएवढ्या बाटलीतल्या पाण्यात सोडलेली. ते ओलं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडून जातं, ओलं थर्मामीटर थंड पडतं आणि दोघांच्या आकड्यांत फरक पडतो. हवा दमट असली की फरक थोडा. फरक शून्य, म्हणजे दमटपणा शंभर टक्के. एवढंच ते शास्त्र. पण बाटलीत पाणी हवं. पाणी संपलं की ओलंही सुकंच होतं, दोघं एकच आकडा दाखवतात, आणि कडकडीत उन्हातही तक्ता सांगतो, शंभर टक्के.

मी एकदा तिकडे गेले होते तेव्हा वहिनींचं काम बघितलं. सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला, घड्याळ लावून. पेटीचं दार उघडायचं, श्वास धरायचा, आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्ण अंश. मी विचारलं, उलटं का? म्हणाल्या, "अगो, माणूस जवळ आलं की दशांश आधी हलतो. अंश कुठे पळून जातोय?" मग दार बंद करून त्या रजिस्टरात आकडे लिहायच्या, मोत्यासारख्या अक्षरात. संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ रोज एक कार्ड माझ्याकडे यायचं. त्यावर चार रकाने, चार आकडे. मी तक्त्यात फरक बघून दमटपणा काढायची.

फेब्रुवारीच्या तेरा तारखेला दुपारचे आकडे आले: सुकं चौतीस पूर्णांक दोन, ओलं चौतीस पूर्णांक दोन. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्या दोन दिवसांत घाटावरून असा कोरडा वारा सुटला होता की माझे ओठ फुटले होते, आणि मी त्याच फुटक्या ओठांनी तक्ता वाचून शंभर टक्के लिहिलं. मला विचार करायला पगार नव्हता असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. खोटं आहे ते. डोकं वापरायचा आळस केला मी, आणि त्याची चीड मला अजून आहे.

अध्यक्ष हरिश्चंद्रराव यांनी माझा आकडा बघितला आणि दोनशे कार्डं धाडली: ताबडतोब गंधक मारा. लोकांनी मारलं. कोरड्या उन्हात गंधक मोहोराला भाजतं. आठ दिवसांत गावोगावचे लोक करपलेल्या मोहोराच्या काड्या हातात घेऊन जिना चढू लागले. त्यांत रावजी होते, आतल्या गावचे, चाळीस कलमांचे छोटे बागायतदार. त्यांनी ती काडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाय, तुमी म्हनलात मारा, मी मारला. आता ह्यातना कैरी काडून दाखवा."

कुणाचं तरी डोकं उडवायला हवं होतं. अध्यक्षांचं उडणार नव्हतं. माझं उडवावं तर मी तक्त्याबाहेर काही लिहिलं नव्हतं. राहिल्या वहिनी. निरीक्षकानं रजिस्टर घेऊन हजर व्हावं, असं पत्र गेलं. सभा तेरा मार्चला ठेवली, कारण पुढे शिमगा, मग कोण सापडणार? कमिटीत आधीच कुजबुज होती की बाईंनी घरात बसून आकडे लिहिले. म्हणजे नोकरी जाणार ती जाणारच, वर खोटारडी हा शिक्का. नोकरीचं वहिनींना एवढं नव्हतं. पण आकडा खोटा लिहिला हे त्यांच्या नावावर राहणं म्हणजे त्यांचं जे एक स्वतःचं होतं तेच काढून घेणं होतं.

त्या दिवशी दुपारी भाऊ आणि वहिनी एकाच एस.टी.नं आले. भाऊ पुढच्या बाकावर, वहिनी मागे, रजिस्टर पदराखाली. भाऊ तरातरा वर गेले. मी वहिनींना गॅलरीत घेतलं आणि रजिस्टर उघडलं. तेरा फेब्रुवारीसमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: फडकं कोरडं. चौदालाही तेच. मला रडूच यायचं बाकी राहिलं. बाईनं जे दिसलं ते लिहिलं होतं, आणि जे बिघडलं होतं तेही लिहिलं होतं. आमच्या कार्डावर मात्र शेऱ्याला जागाच नव्हती! छापताना दीड इंच वाचवला होता कुणीतरी हुशार माणसानं.

मी मागची पानं चाळली. सोळा-सतरा जानेवारी, फडकं कोरडं. एकोणीस-वीस डिसेंबर, फडकं कोरडं. मी बोटांवर मोजलं. अठ्ठावीस दिवस. पुन्हा अठ्ठावीस. मी बाई आहे, मला आणखी काही मोजावं लागलं नाही. मी वर बघितलं तर वहिनी रस्त्याकडे बघत होत्या.

"पाणी कुठे असतं?" मी विचारलं.

"देवघराच्या कोनाड्यात."

मग सगळं बाहेर आलं. पेटी बसवताना साहेबांनी पाण्याची मोठी बाटली भाऊंच्या हातात दिली होती आणि बजावलं होतं, "हे शुद्ध पाणी आहे. कुणी मळके हात लावायचे नाहीत." साहेबांचं शुद्ध म्हणजे ज्यात क्षार नाहीत ते. भाऊंनी 'शुद्ध' तेवढं ऐकलं आणि बाटली सोवळ्यात नेऊन ठेवली. मलमलीचं फडकंही त्याच हिशेबात सोवळं झालं. महिन्याचे ते तीन दिवस वहिनी बाजूला बसायच्या. पेटीचं दार उघडा, आकडे बघा, लिहा, त्याला भाऊंची हरकत नव्हती, बघण्यानं विटाळ होत नाही म्हणे. पण पाण्याला आणि फडक्याला शिवायचं नाही. दौतीएवढी बाटली ती, रोज भरावी लागायची. पहिला दिवस आदल्या दिवशीच्या पाण्यावर निघायचा, दुसऱ्या दिवशी वात कडक.

"मग दुसऱ्या कुणी ओतायचं ना!"

"भाऊ दर खेपेला म्हणतात, मी बघतो." वहिनींनी रजिस्टर मिटलं. "तू काही बोलू नकोस, सुमेधा. भाऊंनी कबूल केलंय. 'पाणी घालायचं माझ्याकडून राहिलं,' एवढं एक वाक्य ते बोलणार आहेत. तेवढं पुरे आहे."

आणि ते शुद्ध पाणी कुठलं, तेही सांगते. सहा महिन्यांनी बाटली संपल्यावर नवी मी स्वतः मागवली, म्हणून मला ठाऊक. हातखंब्याच्या नाक्यावर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे, तिथलं. ट्रकच्या बॅटरीत घालायचं पाणी. भाऊ त्याला देवघरात ठेवून रोज वरून फूल वाहत नव्हते, एवढंच काय ते.

सभा तीनला सुरू झाली. टेबलाभोवती अकरा पुरुष, एका कोपऱ्यात प्रोसिडिंगचं पुस्तक घेऊन मी, आणि भिंतीपाशी तक्रारदार म्हणून रावजी. वहिनींना खुर्ची दिली होती. हरिश्चंद्ररावांनी रजिस्टर बघितलं.

"फडकं कोरडं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कोरडं आहे हे कळत होतं. मग पाणी का नाही घातलंत?"

वहिनी भाऊंकडे बघत राहिल्या. सगळेच मग भाऊंकडे बघायला लागले. भाऊंनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला. आणि म्हणाले, "राहिलं नसेल तिचं लक्ष. घरात कामं असतात. बायकांच्या हातून व्हायचंच असं."

हे आज लिहितानाही माझ्या मुठी आवळतात. चूक त्यांची. बंदी त्यांची. तीनदा विसरलेले ते. एक वाक्य बोलायचं होतं, त्यात लाज वाटण्यासारखा एक शब्दही नव्हता. तेवढंसुद्धा त्या माणसाच्या तोंडून निघालं नाही!

"लिहा," हरिश्चंद्रराव मला म्हणाले. "निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे चुकीचे आकडे आले, सबब निरीक्षकास कमी करावे."

मी लिहायला लागले. हो, लिहायला लागले. 'हलगर्जी' एवढं लिहून झालं होतं तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या.

"थांब सुमेधा. अध्यक्षसाहेब, माझं लक्ष राहिलं नाही असं झालेलं नाही. त्या सगळ्या तारखांना मी बाहेरची होते. पाणी सोवळ्यात आहे. मला शिवायला बंदी आहे आणि भाऊ घालतो म्हणाले होते, ते त्यांनी घातलं नाही. तीन महिन्यांत तीनदा."

दोघांनी मान खाली घातली, एकजण खिडकीतून समुद्र बघू लागला. जणू त्या बोलल्याच नव्हत्या, कुठेतरी काहीतरी सांडलं होतं आणि ते कुणीतरी पुसेपर्यंत तिकडे बघायचं नव्हतं.

"मालिनी, बस खाली," भाऊ म्हणाले.

"आजही दुसरा दिवस आहे," वहिनी म्हणाल्या. "सकाळी निघताना मी तुम्हांला दोनदा आठवण केली, भाऊ. घातलंत पाणी?"

भाऊंनी उपरणं सारखं केलं.

"म्हणजे या घटकेलाही फडकं कोरडं आहे. माणूस पाठवून बघून घ्या. सकाळचे आकडे रजिस्टरात आहेत, त्यासमोर शेरा लिहून आलेय मी."

भिंतीपाशी रावजी आतापर्यंत टोपी हातात धरून उभे होते. ते एकदम पुढे आले. "मंजे पानी देवाजवळ बसलं, नि माजा मोहोर जळला? ओ भाऊ, माजी हौसा त्या दिसांत गुडघाभर पान्यात उभी ऱ्हाऊन लावनी करते. तो तांदूळ तुमच्याच घरात येतो. कंदी टाकलात का तो? सांगा ना, टाकलात?"

"रावजी, तुम्ही मधे बोलू नका," एक सभासद म्हणाले.

"मी मधे नाय. माजा मोहोर मधे आलाय."

मला वाटलं उठून त्यांच्या पाया पडावं. हरिश्चंद्ररावांना मात्र सगळं झाकायची घाई झाली होती. "बरं बरं. हलगर्जीपणा खोडा. घरगुती अडचणीमुळे, असं लिहा. झालं."

मी घरगुती अडचण लिहिलं. वहिनी माझ्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी ते वाचलं.

"घरगुती कसं? पेटी संघाची, पाणी संघाचं, नुकसान यांचं. अडचण विटाळाची आहे. विटाळ असं लिही."

मी अध्यक्षांकडे बघितलं. "असलं काही प्रोसिडिंगमध्ये जायचं नाही," ते म्हणाले. "आणि खाडाखोड केलीत तर तिच्यावर मला सही करावी लागेल."

तेवीस वर्षांची होते मी, नोकरी कच्ची होती. पण मघा 'हलगर्जी' लिहिणारा हात माझाच होता, आणि त्याची मला इतकी शिसारी आली होती की मी दोन शब्दांवर रेघ मारली, वर 'विटाळ' लिहिलं, आणि पुस्तक उचलून अध्यक्षांपुढे ठेवलं. "करा सही," म्हटलं. रावजी तिथेच उभे होते, काडी हातात घेऊन. हरिश्चंद्ररावांनी सही केली.

मग नवा ठराव वहिनींनीच सांगितला आणि मी उतरवला. पाण्याची बाटली पेटीजवळ कुलपात राहावी, किल्ली निरीक्षकाकडे असावी, आणि कोणत्याही दिवशी पाण्यास व फडक्यास हात लावण्याची निरीक्षकास मोकळीक असावी. कार्डावर शेऱ्याचा रकाना छापावा. निरीक्षक कायम राहावा. कुणी विरोध करीना. विरोध करायचा म्हणजे तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा, आणि तेवढी हिंमत अकरांत एकाचीही नव्हती.

"सूचक मी," हरिश्चंद्रराव त्रासून म्हणाले. "अनुमोदक? भाऊ, तुम्हीच व्हा. तुमच्या घरचा विषय आहे."

आमच्याकडे प्रोसिडिंगवर हजर असलेल्या सगळ्यांनी सही करायची पद्धत होती. पहिली सही वहिनींनी निरीक्षक म्हणून केली. पेन माझं, काळ्या शाईचं. ते घेऊन त्या भाऊंच्या खुर्चीपाशी गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"ठेव तिथे," भाऊ टेबलाकडे बोट करून म्हणाले.

वहिनींनी ठेवलं नाही. "घ्या ना, भाऊ."

"ठेव म्हणतोय ना."

"पेनच आहे. घ्या."

त्या आज बाजूला बसायच्या आहेत हे आता खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांचा हात तसाच पुढे होता. माझ्या मनात होतं की हा माणूस आता पाय आपटत उठून जाईल, आणि संध्याकाळी वहिनींना त्याच घरात परत जायचं आहे. गेला असता तर ठराव तिथेच लोंबकळला असता. पण हरिश्चंद्रराव खेकसले, "अहो घ्या की, पाचची गाडी गाठायची आहे मला!"

भाऊंनी दोन बोटांनी पेनाचं टोक धरलं. सही केली. पेन टेबलावर टाकलं आणि हात उपरण्याला पुसला, सगळ्यांदेखत.

शेजारच्या सभासदानं टेबलावरच्या पेनाकडे हात नेला. वहिनींनी ते आधी उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं, सही केली, आणि परत वहिनींच्याच हातात दिलं. मग पुढचे. त्यानंतरचे. अशी ती बाई टेबलाभोवती पूर्ण फिरली. अकराही सह्या झाल्या आणि प्रत्येक सहीला पेन तिच्या हातून गेलं. भाऊंनंतर 'ठेवा तिथे' असं कुणीही म्हणालं नाही.